नळातील शिसे आणि फ्लिंटचे नागरिक

पिण्याच्या पाण्यात शिसे मिसळले असेल, तर ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि नाकालाही जाणवत नाही. पाणी उकळले तरी ते जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा होणारा परिणाम बहुधा कायमचा असतो आणि अमुक इतके शिसे निर्धोक, अशी मर्यादा वैद्यकशास्त्राला आजवर सापडलेली नाही. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हे शिसे बहुतेक वेळा नदीत किंवा धरणात नसतेच. जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेले चांगले पाणी रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीतून घरात शिरते, त्या शेवटच्या काही मीटरांत शिशाची नळी, जुना डाक किंवा पितळी तोटी त्यात शिसे सोडते. त्यामुळे केंद्राच्या प्रयोगशाळेचा अहवाल उत्तम असूनही घरातला पेला विषारी असू शकतो.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराची कथा या एका फरकाभोवती फिरते. १९०८ मध्ये जनरल मोटर्स ही कंपनी जिथे स्थापन झाली, ते हे सुमारे एक लाख वस्तीचे शहर. कारखाने बंद पडत गेले, तिजोरी रिकामी झाली आणि राज्य शासनाने लोकनियुक्त नगरपरिषदेच्या डोक्यावर प्रशासक आणून बसविला. खर्च वाचविण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटकडून येणारे ह्युरॉन सरोवराचे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी शहराला देण्यात आले. नदीच्या पाण्यात क्लोराइड अधिक होते. असे पाणी नळ्या कुरतडते, म्हणून त्यात फॉस्फेट मिसळण्याचा प्रघात आहे. त्याने नळीच्या आतून एक पातळ थर धरला जातो आणि धातू पाण्यात उतरत नाही. फ्लिंटमध्ये हे फॉस्फेट मिसळलेच गेले नाही.

काही आठवड्यांतच नागरिकांच्या तक्रारी सुरू झाल्या. पाणी तांबूस येत होते, अंगावर पुरळ उठत होते, केस गळत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी घेणे थांबविले, कारण त्याने यंत्रांचे सुटे भाग गंजू लागले होते. लोखंडाला न सोसणारे पाणी माणसांनी मात्र आणखी वर्षभर प्यायले. मार्च २०१५ मध्ये नगरपरिषदेने डेट्रॉइटच्या पाण्याकडे परतण्याचा ठराव ७ विरुद्ध १ मतांनी संमत केला. प्रशासकाने तो बाजूला सारला. गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभागृहात येणारे लोक अधिकाऱ्यांना अतिशयोक्ती करणारे वाटत होते.

येथून आंदोलनाला वेगळे वळण मिळाले ते लीॲन वॉल्टर्स या चार मुलांच्या आईमुळे. तिच्या जुळ्या मुलांपैकी एकाची वाढ खुंटली होती आणि त्याच्या रक्तात शिसे आढळले होते. महापालिकेच्याच तपासणीत तिच्या घरातील पाण्यात लिटरमागे १०४ आणि नंतर ३९७ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. तेथील नियमानुसार १५ च्या वर गेल्यास यंत्रणेने कृती करावी लागते. दोष तुमच्या घरातील नळांचा असेल, असे उत्तर मिळाले. पण घरातील सारी नळजोडणी प्लॅस्टिकची होती. मग तिने नियमांची पुस्तके आणि पालिकेची कागदपत्रे वाचायला घेतली, केंद्रीय पर्यावरण यंत्रणेतील मिगेल डेल टोरल या अधिकाऱ्याला गाठले आणि पाण्यात गंजरोधक द्रव्य घातलेच जात नाही, हे उघडकीस आणले. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांनी तिच्या घरचे नमुने तपासले, तेव्हा एकात १३,२०० मायक्रोग्रॅम शिसे निघाले. तेथे ५,००० च्या पुढे पदार्थ हानिकारक कचऱ्यात गणला जातो.

एका घराच्या आकड्याला अपवाद म्हणून झटकता येते. म्हणून ऑगस्ट २०१५ मध्ये विद्यापीठाने तीनशे तपासणी संच पाठविले आणि कार्यकर्त्यांनी, त्यांत बऱ्याच गृहिणी आणि चर्चमधील मंडळी होती, ते शहरभर घरोघर पोहोचवून सुमारे २७० भरून परत आणले. नमुना घेण्याची शिस्त त्यांनी कसोशीने पाळली. किमान सहा तास नळ बंद ठेवायचा आणि मग पहिल्या धारेचे एक लिटर पाणी घ्यायचे. कारण थांबलेल्या पाण्यातच शिसे उतरते. पालिकेने मात्र नागरिकांना आदल्या रात्री काही मिनिटे नळ सोडून ठेवण्याची सूचना दिली होती. त्याने नळी धुऊन निघते आणि आकडा खाली येतो. शिवाय नियम असा, की नव्वद टक्के नमुने मर्यादेत असले म्हणजे शहर उत्तीर्ण. उरलेल्या दहा टक्क्यांत कितीही विष असो. पालिकेच्या ७१ नमुन्यांतून दोन वगळले गेले, त्यांतला एक वॉल्टर्स यांच्या घरचा होता, आणि शहर नियमात बसले. लोकांनी गोळा केलेल्या नमुन्यांत हाच नव्वद टक्क्यांचा आकडा २५ च्या पुढे गेला.

त्यानंतर बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी रुग्णालयातील नोंदी पडताळल्या. पाणी बदलल्यावर रक्तात वाढीव शिसे असलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण २.४ वरून ४.९ टक्क्यांवर गेले होते. २४ सप्टेंबर रोजी त्यांनी हे जाहीर केले, तेव्हा शासनाच्या प्रवक्त्याने घबराट पसरविल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला. काही दिवसांतच शासनाला ते आकडे मान्य करावे लागले आणि १६ ऑक्टोबरला शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर गेले.

तथापि नळ्या जमिनीतच होत्या. जानेवारी २०१६ मध्ये स्थानिक धर्मगुरूंची संघटना आणि सहकारी संस्था न्यायालयात गेल्या. मार्च २०१७ च्या तडजोडीत ८.७ कोटी डॉलर आणि २०२० पर्यंत निदान १८,००० घरांच्या नळ्या तपासून शिशाच्या बदलण्याची मुदत ठरली. कोणत्या घराला कसली नळी आहे, याच्या नोंदी पालिकेत सुमारे ४५,००० पुठ्ठ्याच्या कार्डांवर होत्या आणि त्या भरवशाच्या नव्हत्या. खोदल्याशिवाय कळत नव्हते. मुदती टळत गेल्या, नागरिक पुन्हा पुन्हा न्यायालयात गेले, मार्च २०२४ मध्ये शहरावर न्यायालयाच्या अवमानाचा ठपका आला. जवळजवळ ११,००० शिशाच्या नळ्या बदलून झाल्याचे राज्याने सांगितले ते २०२५ च्या जुलैत. न्यू जर्सीतील न्यूअर्कमध्ये शिक्षकांच्या गटाने अशीच दाद मागितल्यावर सुमारे २३,००० नळ्या तीन वर्षांच्या आत, घरमालकांकडून पैसे न घेता बदलल्या गेल्या.

आपल्याकडे शिशाची चिंता वेगळ्या वाटेने येते. पीव्हीसी नळ्या टिकाऊ व्हाव्यात म्हणून त्यांत शिशाची संयुगे वापरण्याची पद्धत दीर्घकाळ होती. एका स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये केंद्राला धोरण ठरविण्यास सांगितले आणि २०२१ मध्ये अशा नळ्यांतील शिशावर निर्बंध घालणारे नियम निघाले. त्यापूर्वी बसविलेल्या नळ्या इमारतींत आहेतच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे असू नये. जुन्या इमारतीतील रहिवाशांना किंवा शाळेतील पालकांना हे तपासून घ्यायचे झाल्यास टाकीचे पाणी पाठवून भागणार नाही. रात्रभर बंद राहिलेल्या, रोज पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नळाचे सकाळचे पहिले लिटर स्वच्छ बाटलीत घेऊन ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावे, नळ किती तास बंद होता ते बाटलीवर लिहावे आणि दुसरा नमुना नळ पाच मिनिटे वाहू दिल्यानंतर घ्यावा. पहिल्यात शिसे अधिक आणि दुसऱ्यात कमी निघाले, तर त्याचा उगम बहुधा इमारतीच्याच नळांत असतो.