मालवण किनाऱ्यावरील कापडखरेदी व तिचीं साधनें

महाराष्ट्रांतील वेषभूषेविषयीं जें लिहिलें गेलें आहे त्याचा आधार बहुतांशीं चित्रें, बखरी आणि जामदारखान्याचे कागद हा आहे. माधवराव पेशव्यांनीं १७६६ सालीं पैठणचे आसावली दुपट्टे मागवितांना तांबडा, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी असे रंगही नेमून दिले होते. असल्या पत्रांवरून दरबारची आवड चांगली कळते. परंतु मालवण, देवगड, वेंगुर्लें, कुडाळ व सावंतवाडी या टापूंतील कुळवाडी, गाबित किंवा भिक्षुक यांच्या घरीं पैठणचा दुपट्टा कशाला येतो! त्यांनीं काय नेसलें हें सांगणें कठीण नाहीं. तें कापड केव्हां घेतलें, कोणत्या वाटेनें आलें आणि त्याचे पैसे कोठून दिले, हे प्रश्न मात्र फारसे विचारले जात नाहींत. आणि आमच्या मतें येथील पेहरावाचें मर्म त्यांतच आहे. या किनाऱ्यावर कापडाची निवड आवडीनें होण्यापूर्वीं दर्याच्या आणि पैशाच्या पंचांगानें होत असे.

प्रथम भूमीचा विचार करूं. जांभ्याची जमीन आणि अतोनात पाऊस यांमुळें कापूस येथें पिकत नाहीं. सूत निघण्याजोगें जें पीक होई तें तागाचें, आणि तें कोळ्यांच्या जाळ्यांत व दोरखंडांत खपे. सबब विणकराचा माग हा येथील गांवगाड्याचा आधार कधींच झाला नाहीं. शिवछत्रपतींनीं १६७१ सालीं कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस मिठाविषयीं लिहिलेलें पत्र संशोधकांच्या परिचयाचें आहे. बारदेशचें मीठ स्वस्त पडून इकडील मिठाचा व्यापार बुडेल, म्हणून त्यावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आशय. मीठ येथें पिकत होतें म्हणून ही काळजी. कापडाच्या बाबतींत राखण्याजोगा कारागीरच नव्हता. जें अंगावर यावयाचें तें परमुलुखांतूनच यावयाचें.

तें दोन वाटांनीं येई. एक दर्याची, दुसरी घाटाची. घाटावरून शहापूर व इलकल येथील लुगडीं, गुळेदगुड्डचे खण आणि धनगरी कांबळीं उतरत. त्यांस रामघाट व पारपोलीचा घाट हे मार्ग होते. याच वाटांनीं बेळगांव-धारवाडकडील कापूस वेंगुर्ल्याच्या बंदरीं येई व गलबतांत भरून मुंबईस जाई. पुढें मुंबईंत गिरण्या झाल्यावर तेथील धोतरें व मांजरपाट समुद्रमार्गें परत याच बंदरीं उतरूं लागलीं. आपल्या डोळ्यांदेखत कापूस जातो आणि मोल वाढून कापड होऊन येतो, हें वेंगुर्लेंकरांनीं वर्षानुवर्षें पाहिलें. १८८८ सालीं मुरगांव बंदरापासून घाटावर जाणारी आगगाडी पुरी झाली आणि वेंगुर्ल्याचा हा व्यापार ओसरला. डच कंपनीनें १६३७ त जेथें वखार घातली त्या बंदराचें महत्त्व असें एका लोहमार्गानें कमी केलें.

आतां पंचांगाकडे वळूं. मृगाच्या आगेमागे दर्या बंद होई तो नारळी पौर्णिमेस मोकळा होई. यापूर्वींच्या तयारीस कोंकणांत आगोट म्हणतात. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लांकूडफांटा यांच्या आगोटीचें वर्णन अनेकांनीं केलें आहे, पण कापडही आगोटींतच मोडे हें लक्षांत घेतलें जात नाहीं. गणेशचतुर्थी ही नारळी पौर्णिमेनंतर अवघ्या अठरा-एकोणीस दिवसांनीं येते. दर्या उघडल्यावर गलबत मुंबईस जाऊन माल भरून परतेल, दुकानदार तो मांडील आणि मग गिऱ्हाईक घेईल, एवढा अवकाश त्यांत क्वचितच सांपडे. म्हणून चतुर्थीचें नवें कापड बहुधा वैशाखांतच दुकानांत येऊन पडलेलें असे. लग्नसराईही त्याच सुमारास आटोपे. दुकानदारास चार महिन्यांचा माल एकदम भरावा लागे, आणि न खपलेल्या मालाला ओलीची व कसरीची धास्ती. असा मनुष्य नवा कांठ किंवा अनोळखी रंग मागविण्याचें धाडस करील कसा? गेल्या सालीं जें खपलें तेंच तो पुन्हां मागवी. कोंकणी मनुष्य जुन्या चालीचा, असें घाटावरचे लोक म्हणत. आमचा तर्क असा कीं हा जुनेपणा गिऱ्हाइकाच्या स्वभावांत नसून वाण्याच्या जोखमींत होता.

पैशाचें पंचांग याहून निराळें, आणि तेंही सर्वांचें एक नव्हे. कुळवाड्याच्या हातीं भात येई तें आश्विन-कार्तिकांत, परंतु कापडाची गरज वैशाखांत; मधलें अंतर उधारीनें भरून निघे. गाबिताची आवक दर्या उघडल्यापासून, म्हणजे कुळवाड्याची तंगी असे त्याच वेळीं. एकाच पेठेंत दोन जातींचीं खातीं दोन निरनिराळ्या महिन्यांत फुगतात व रिकामीं होतात हें ज्यास ठाऊक नाहीं, तो जुनी खतावणी वाचून भलतेच सिद्धांत काढील.

खणाची गोष्ट स्वतंत्रपणें सांगण्याजोगी आहे. खण मापानें विकला जात नाहीं, नगानें विकला जातो. एका चोळीपुरतें कापड तो एक खण. परंतु घेतलेल्या प्रत्येक खणाची चोळी होतेच असें नाहीं. तो ओटींत पडतो, देवीला वाहिला जातो, हळदीकुंकवास आलेल्या सवाष्णीस दिला जातो, आणि तिच्या पेटींत कांहीं काळ राहून पुढच्या घरीं आहेर म्हणून जातो. कित्येक देवळांत देवीला आलेलीं लुगडीं व खण लिलावानें विकण्याची चाल आहे. तेथून तें कापड पुन्हां गांवांत येतें. एवंच खण हें वस्त्र जितकें तितकेंच चलनही. यावरून संशोधकास एक सूचना मिळते. लग्नाच्या यादींतील खणांची बेरीज केली आणि ती त्या घरच्या खरेदीशीं ताडून पाहिली, तर दोन्ही जुळावयाच्या नाहींत. यादींतला आंकडा पुष्कळदां मोठा निघेल. यास हिशेबांतील चूक समजूं नये. तो फरक म्हणजेच घरोघर फिरणाऱ्या खणांची मोजदाद. उलट, यादींत एखादें आलवण आढळलें आणि त्यासमोर खण नसला, तर त्या घरांत केशवपन केलेली विधवा होती असें समजण्यास हरकत नाहीं. कारकुनानें तिचें नांव लिहिलें नसलें तरी तिच्या वाट्याचें कापड लिहिलें आहे, आणि कित्येक स्त्रियांची तेवढीच नोंद कागदावर उरली आहे.

हें सर्व बदललें तें चाकरमान्यांमुळें. कावसजी दावर यांनीं मुंबईंत पहिली कापडगिरणी १८५४ त काढली, आणि १९११ च्या खानेसुमारींत गिरणीकामगारांपैकीं जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले होते. मालवण, देवगड, वेंगुर्लें हे तालुके तेव्हां त्याच जिल्ह्यांत. टपालखात्यानें १८८० पासून मनिऑर्डर सुरू केल्यावर रोकड पैसा दरमहा गांवांत येऊं लागला. सुगीची वाट पाहण्याचें कारण कमी झालें, आणि वाण्याच्या उधारीस प्रथमच धक्का बसला. त्याहून मोठा पालट असा कीं, खरेदीच गांवाबाहेर गेली. गांवच्या पेठेंत निदान पोत बोटांनीं चाचपून पाहतां येई, शेजारणीस विचारतां येई. आतां ज्यानें कापड विणण्यास हात लावला तोच तें मुंबईंत विकत घेई, आणि घरधनीण त्याच्या ट्रंकेंतून जें निघेल तें नेसे. नऊवारीच्या जोडीस गोल पातळ या खेड्यांत आलें त्यांत या ट्रंकेचा वांटा मोठा आहे.

येथें भाषेचीही एक साक्ष घेण्याजोगी आहे. लुगडें, धोतर, उपरणें, शेला हीं नेसण्या-पांघरण्याचीं नांवें देशी. शिवलेल्या अंगरख्यास बंद किंवा गुंडी असे. परंतु काज, फीत, इस्त्री हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. पगार हा शब्दही तिकडचाच! शिवलेल्या कपड्याची आणि दरमहाच्या वेतनाची बोली या किनाऱ्यास गोव्याच्या शेजारानें अगोदरच शिकविली होती.

स्वदेशीच्या चळवळीविषयीं थोडक्यांत. पुण्यांत १९०५ त परदेशी कापडाची होळी झाली, १९३० त शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला, आणि अप्पासाहेब पटवर्धनांनीं या भागांत चरख्याचा प्रसार केला. ज्या प्रांतीं कापूसच नाहीं तेथें सूतकताई रुजविणें हें कार्य किती कठीण, हें वरील विवेचनावरून ध्यानीं येईल.

साधनांविषयीं कांहीं लिहिणें अवश्य आहे, कारण तीं झपाट्यानें नष्ट होत आहेत. १८१२ सालीं मालवण कोल्हापूरकरांकडून आणि वेंगुर्लें सावंतांकडून इंग्रजांस मिळालें. त्यामुळें या किनाऱ्याचे सरकारी कागद एका दप्तरांत नाहींत. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ त वेगळा झाला, म्हणून त्यापूर्वींचे कागद रत्नागिरीच्या नांवाखालीं शोधावे लागतात. पण कापडाचा खरा हिशेब सरकारी रुमालांत नसून दुकानदारांच्या मोडी वह्यांत आणि घरोघरच्या लग्नाच्या याद्यांत आहे. संग्राहक सनदा व महजर जपून ठेवतात आणि याद्या फुटकळ म्हणून बाजूस काढतात. वह्या तर रद्दींत वजनावर जातात. दशावतारी मंडळ्यांच्या पेटाऱ्यांतील जुनीं लुगडीं व शेले यांकडेही कोणी पाहावें. त्या पेटाऱ्याची पूजा होते, नोंद होत नाहीं. गिरण्यांच्या गांठींवर चिकटविलेल्या रंगीत छापांचीं तिकिटें वाचतां न येणाऱ्या गिऱ्हाइकाची एकमेव खूण होतीं. हत्ती किंवा देवीचें चित्र पाहून तें माल ओळखी. महायुद्धाच्या काळीं १९४३ च्या नियंत्रणाच्या हुकुमानें कापडावरच किंमत छापणें भाग पडलें. पेटीच्या तळाशीं एखादें न वापरलेलें ठाण मिळाल्यास तो शिक्का आधीं पाहावा, आणि धुतल्यानें तो जातो हें विसरूं नये.

याद्यांच्या नकला करणारांस दोन विनंत्या. मापाचा शब्द जसाच्या तसा लिहावा. १८ हातांचें लुगडें म्हणजे नऊ वारांचें, हा हिशेब सरळ आहे. परंतु गज ठिकठिकाणीं निराळा असे, त्याचे वार करूं नयेत. दुसरी अधिक महत्त्वाची. नकलेंत शक उतरतो आणि महिना व तिथि वगळली जाते. वैशाखांतली खरेदी आगोटीच्या मालाची, कार्तिकांतली नव्या भातावरची, आणि भाद्रपदांतली असली तर तो माल गेल्या वैशाखापासून पडलेला किंवा घाटावरून भर पावसांत उतरलेला. महिना गेला कीं या तिन्ही याद्या एकसारख्या दिसूं लागतात.