ई-मेल वितरण व वितरणदोष

एका संस्थेच्या मेल सर्व्हरवरून निघालेला संदेश दुसऱ्या, स्वतंत्रपणे चालविल्या जाणाऱ्या मेल सर्व्हरने स्वीकारून तो इष्ट व्यक्तीच्या टपालपेटीत ठेवणे, यास ई-मेल वितरण म्हणतात. दोन्ही सर्व्हर एकाच संस्थेच्या ताब्यात असतील, तर दोष कोठे आहे हे एकाच ठिकाणच्या नोंदी पाहून समजते. ते वेगवेगळ्या संस्थांचे असतील, तर कोणत्याही एका व्यवस्थापकास संपूर्ण वाट दिसत नाही. पाठविणाऱ्याच्या बाजूने पत्र ‘गेलेले’ असते आणि घेणाऱ्याच्या बाजूने ते ‘आलेले नसते’. वितरणदोषाचा शोध म्हणजे मुख्यतः या दोन विधानांमधील नेमकी जागा ठरविण्याचे काम होय.

पूर्वेतिहास : भिन्न संगणकांवरील व्यक्तींमध्ये संदेश पाठविण्याचा प्रयोग रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये अर्पानेट या जालावर केला. व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव यांमध्ये ‘@’ हे चिन्ह घालण्याची पद्धतही त्याचीच. सर्व्हर-सर्व्हरमधील देवाणघेवाणीचे नियम जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये एकत्रित केले. ते एसएमटीपी या नावाने ओळखले जातात व अनेक सुधारणांसह आजही वापरात आहेत. नावावरून संगणकाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. भारतात तत्कालीन इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट हा उपक्रम सुरू केला. मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था या त्यातील सहभागी संस्था होत्या. दूरध्वनीच्या तारेवरून ठराविक वेळी संपर्क साधून साठलेली पत्रे पुढे देणे, अशी त्या जालाची आरंभीची रीत होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली.

वितरणाची वाट : ई-मेलची वाट समजण्यास टपालखात्याचे उदाहरण उपयोगी पडते. हदगाव (जि. नांदेड) येथे जाणाऱ्या पत्रावर ४३१७१२ हा पिन संकेतांक लिहिला जातो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेली व १५ ऑगस्ट १९७२ रोजी अंमलात आलेली ही पद्धत पत्र कोणत्या विभागात, कोणत्या वर्गीकरण जिल्ह्यात व शेवटी कोणत्या टपालकचेरीत जावे हे सांगते. घर शोधणे हे त्या कचेरीतील पोस्टमनचे काम असते. ई-मेल पत्त्यातील ‘@’ नंतरचा भाग, म्हणजे डोमेन नाव, पिन संकेतांकाचे काम करतो. त्याआधीचा भाग केवळ पोहोचण्याच्या ठिकाणच्या सर्व्हरलाच अर्थपूर्ण असतो.

पाठविणारा सर्व्हर प्रथम डीएनएसकडे त्या डोमेनची एमएक्स नोंद विचारतो. या नोंदीत टपाल घेणाऱ्या सर्व्हरांची नावे व त्यांचे पसंतीक्रमांक असतात. ज्याचा क्रमांक लहान त्याच्याकडे आधी जावयाचे असते. उदा., १० व २० असे दोन सर्व्हर असल्यास २० कडे जाण्याची वेळ १० बंद असेल तेव्हाच येते. एमएक्स नोंद मुळीच नसल्यास डोमेनच्या स्वतःच्या पत्त्यावर प्रयत्न केला जातो.

सर्व्हरांमधील संभाषण : दोन्ही सर्व्हर पोर्ट २५ वर एकमेकांशी अक्षरशः संवाद करतात. पाठविणारा आपले नाव सांगतो, मग प्रेषकाचा पत्ता, मग प्राप्तकर्त्याचा पत्ता देतो, नंतर मजकूर पाठवितो व एका ओळीत केवळ एक पूर्णबिंदू देऊन तो संपवितो. संवादात सांगितलेले पत्ते म्हणजे पत्राचा लिफाफा होय. संदेशाच्या शीर्षभागात वाचकास दिसणारी प्रेषक-प्राप्तकर्त्यांची नावे म्हणजे आतल्या कागदावरील मायना होय. वितरण लिफाफ्यावरून होते, मायन्यावरून नव्हे. त्यामुळे मायन्यात नाव नसतानाही पत्र मिळू शकते आणि मायन्यात नाव अचूक असूनही ते भलतीकडे जाऊ शकते.

शेवटच्या बिंदूनंतर घेणाऱ्या सर्व्हरने २५० हा संकेत दिला की संदेशाची जबाबदारी त्याच्याकडे जाते. त्या क्षणापर्यंत ती पाठविणाऱ्याची असते. जबाबदारी घेतल्यानंतर वितरण अशक्य ठरल्यास लिफाफ्यावरील प्रेषकाला अवितरणाची सूचना पाठविणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य ठरते. अशा सूचनेच्या लिफाफ्यावर प्रेषकाची जागा रिकामी ठेवतात. तसे न केल्यास दोन सर्व्हर एकमेकांना सूचना परत करीत राहतील.

प्रत्युत्तर-संकेत : घेणाऱ्या सर्व्हरचे प्रत्येक उत्तर तीन अंकी संकेताने सुरू होते. पहिला अंक सर्वांत महत्त्वाचा असतो. २ म्हणजे मान्य, ३ म्हणजे पुढचे सांगा, ४ म्हणजे तूर्त नकार आणि ५ म्हणजे कायमचा नकार. चारचा नकार मिळाल्यास संदेश रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करावयाचा असतो. दोन प्रयत्नांत सामान्यतः निदान ३० मिनिटांचे अंतर असावे व ४ ते ५ दिवस प्रयत्न सोडू नयेत, असे नियम सुचवितो. पाचचा नकार मिळाल्यास संदेश लगेच प्रेषकाकडे परत येतो. संकेतापाठोपाठ बिंदूंनी जोडलेले आणखी तीन अंक येतात. त्यांपैकी ५.१.१ म्हणजे असा पत्ता नाही, ५.२.२ म्हणजे टपालपेटी भरली आहे आणि ५.७.१ म्हणजे सर्व्हरच्या धोरणानुसार परवानगी नाही.

‘पत्र दोन दिवसांनी मिळाले’ ही तक्रार बहुधा चारच्या संकेताची असते. काही सर्व्हर अपरिचित प्रेषकास पहिल्या वेळी मुद्दाम तूर्त नकार देतात. अवांच्छित पत्रे पाठविणारे कार्यक्रम पुष्कळदा दुसरा प्रयत्न करीत नाहीत, हे त्यामागील गृहीतक होय. प्रामाणिक सर्व्हरचे पत्र यामुळे केवळ उशिरा पोहोचते.

दोषाचा शोध : शोध वाटेच्या क्रमानेच घ्यावा लागतो. (१) संदेश पाठविणाऱ्याच्या सर्व्हरवरून निघाला काय, हे त्याच्या लॉगमध्ये पाहावे. तो तेथेच रांगेत पडून असू शकतो. (२) निघाला असल्यास कोणत्या नावाच्या व पत्त्याच्या सर्व्हरकडे गेला, हे पाहून ते एमएक्स नोंदीशी ताडावे. (३) संपर्क झाला काय, हे पाहावे. पलीकडून काहीच उत्तर न येणे हे वाटेत अडथळा असल्याचे लक्षण असते. अनेक सेवादाते ग्राहकांच्या जोडणीवरून पोर्ट २५ बंद ठेवतात. संपर्क तत्काळ नाकारला जाणे म्हणजे यंत्र चालू आहे, परंतु त्यावरील मेल सेवा बंद आहे, असा बहुधा अर्थ होतो. (४) संपर्क झाला असल्यास कोणत्या टप्प्यावर कोणता संकेत मिळाला, हे शब्दशः टिपावे. (५) २५० मिळाला असल्यास शोध घेणाऱ्याच्या बाजूला सरकतो. तेथे स्पॅमची पेटी, वापरकर्त्याने लावलेल्या चाळण्या व पुढे पाठविण्याची व्यवस्था तपासावी.

दोष एकाच डोमेनकडे जाणाऱ्या पत्रांत आहे की सर्वच पत्रांत, हा प्रश्न आरंभीच सोडवावा. सर्वत्र नकार मिळत असल्यास दोष पाठविणाऱ्याकडे असण्याचा संभव अधिक असतो. पोहोचलेल्या संदेशाला उशीर का झाला हे त्याच्या शीर्षभागावरून कळते. प्रत्येक सर्व्हर आपली वेळेसह नोंद वरच्या बाजूस जोडतो. म्हणून या नोंदी खालून वर वाचाव्यात. भारतीय वेळेपुढे +०५३० असे लिहिलेले असते. हा फरक हिशेबात न घेतल्यास साडेपाच तासांचा खोटा विलंब दिसतो.

जोडपत्रांचा आकार हेही परतीचे एक नेहमीचे कारण आहे. जोडपत्र पाठविताना त्याचे साध्या अक्षरांत रूपांतर होते व आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. त्यामुळे २० एमबीची धारिका वाटेत सुमारे २७ एमबीची होते आणि २५ एमबी मर्यादेच्या सर्व्हरकडून परत येते.

सर्व्हर बदलताना होणारे दोष : हदगावसारख्या तालुक्याच्या गावातील एखाद्या महाविद्यालयाने आपले मेल एका सेवादात्याकडून दुसऱ्याकडे नेले, असे समजू. नव्या सर्व्हरवर सर्व काही ठीक चालते. बहुतेक ठिकाणची पत्रे येतात, परंतु काही संस्थांची येत नाहीत व पाठविणाऱ्यांना परतीची सूचनाही मिळत नाही. याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे डीएनएसमधील नोंद इतर सर्व्हर ठराविक काळ आपल्यापाशी साठवून ठेवतात. हा काळ ८६,४०० सेकंद असल्यास २४ तासांपर्यंत काही पत्रे जुन्या सर्व्हरकडेच जात राहतात. दुसरे म्हणजे जुन्या सर्व्हरच्या मांडणीतून हे डोमेन काढलेले नसते. त्याच सेवादात्याकडे ज्या संस्थांचे मेल आहे त्यांची पत्रे तो सर्व्हर एमएक्स नोंद न विचारता स्थानिक समजून जुन्याच पेटीत टाकतो. पहिला दोष दिवसाभरात आपोआप नाहीसा होतो, दुसरा कोणी लक्ष घालीपर्यंत टिकतो. बदलाच्या आधी साठवणीचा काळ कमी करणे, जुना सर्व्हर काही दिवस चालू ठेवून त्यातील पेट्या पाहणे आणि शेवटी तेथील डोमेनची नोंद पुसणे, हा यावरील उपाय होय. परीक्षा-अर्जाची किंवा शिष्यवृत्तीची मुदत अशा दिवसांत येत असल्यास स्थलांतर पुढे ढकलणे श्रेयस्कर ठरते.

प्रेषकाची पडताळणी : मूळ एसएमटीपीमध्ये प्रेषकाचा पत्ता खरा आहे की नाही हे तपासण्याची सोय नव्हती. ही उणीव तीन व्यवस्थांनी भरून काढली आहे. एसपीएफ ही नोंद डोमेनच्या वतीने कोणत्या सर्व्हरांनी पत्र पाठवावे हे जाहीर करते. डीकेआयएम ही संदेशावरील अंकीय स्वाक्षरी होय. डीमार्क ही नोंद या तपासण्यांत नापास झालेल्या संदेशांचे काय करावे हे सांगते. एका पत्त्यावर आलेले पत्र तसेच दुसरीकडे पाठविल्यास वाटेतला सर्व्हर मूळ डोमेनच्या यादीत नसतो. त्यामुळे एसपीएफ तपासणी फसते, मात्र मजकूर न बदलल्यास डीकेआयएम स्वाक्षरी टिकते. पाठविणाऱ्या यंत्राच्या अंकी पत्त्यावरून त्याचे नाव मिळणे, ही उलट नोंदही अनेक सर्व्हर आवश्यक मानतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तिन्ही व्यवस्था बंधनकारक केल्या.

देवनागरी व ई-मेल : आरंभीचे ई-मेल सात बिटांच्या रोमन अक्षरांपुरते होते. १९९२ मध्ये आलेल्या माइम या पद्धतीने इतर लिपींतील मजकूर पाठविता येऊ लागला. ‘हदगाव’ या शब्दात काना धरून पाच चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन याप्रमाणे त्यांचे १५ बाइट होतात आणि विषयाच्या ओळीत ते २० रोमन अक्षरांच्या रूपात प्रवास करतात. मजकूर अगम्य दिसणे हा बहुधा या रूपांतरातील किंवा जुन्या, यूनिकोडेतर फाँटमधील दोष असतो, वितरणातील नव्हे.

पत्ताच देवनागरीत असेल, तर प्रश्न वेगळा होतो. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले व ते मराठीसाठीही उपलब्ध आहे. डोमेनच्या भागास पर्यायी रोमन रूप असते, परंतु ‘@’ पूर्वीच्या नावास तसे रूप नसते. म्हणून वाटेतील प्रत्येक सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ-८ ही २०१२ मध्ये प्रमाणित झालेली क्षमता असावी लागते. संभाषणाच्या आरंभी घेणारा सर्व्हर आपल्या क्षमता सांगतो. त्यांत ही नसल्यास पाठविणाऱ्याने संदेश पुढे न देता परत करावयाचा असतो. ५.६.७ हा संकेत याच कारणाचा आहे. मराठी पत्ता शुद्ध लिहिलेला असूनही पत्र परत येते, ते यामुळे. पलीकडील सर्व्हर सुधारेपर्यंत त्याच टपालपेटीस एक रोमन पत्ता जोडून ठेवणे हा व्यवहार्य उपाय होय.

कायदेशीर महत्त्व : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम १३ प्रमाणे, पक्षांमध्ये वेगळे ठरले नसल्यास, संदेश प्रेषकाच्या नियंत्रणाबाहेरील संगणक-साधनात शिरला की तो रवाना झाला असे मानतात. प्राप्तकर्त्याने त्यासाठी ठराविक साधन नेमून दिले असल्यास त्यात तो शिरण्याची वेळ ही प्राप्तीची वेळ असते. संदेश नेमून दिलेल्या साधनाऐवजी प्राप्तकर्त्याच्या दुसऱ्या साधनाकडे पाठविला गेला, तर प्राप्तकर्ता तो काढून घेईल ती वेळ धरतात. निविदा, अपील किंवा प्रवेश-अर्ज मुदतीत पोहोचला की नाही, या वादात २५० हा संकेत, त्याची वेळ आणि घेणाऱ्या सर्व्हरने दिलेला रांग-क्रमांक असलेली लॉगमधील ओळ महत्त्वाचा पुरावा ठरू शकते. यास्तव महत्त्वाच्या पत्रव्यवहारासाठी नेमका पत्ता आधी घोषित करणे, पोच मागणे आणि दोन्ही बाजूंनी लॉग पुरेसा काळ जपून ठेवणे आवश्यक ठरते.