वाळू ऐकत नाही

ओहोटी लागून तासभर झाला की पालघर जिल्ह्यातल्या शिरगावच्या किनाऱ्यावर नखाएवढे खेकडे बिळांतून वर येतात. ओल्या वाळूची चिमूट तोंडाशी न्यायची, तिच्यातले खाण्याजोगे काढून घ्यायचे आणि उरल्या वाळूची मोहरीपेक्षा जरा मोठी गोळी करून टाकायची, हा त्यांचा उद्योग. बघता बघता बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा किरणांसारख्या पसरतात. पळून परतायला एक वाट तेवढी मोकळी ठेवलेली असते. पाऊल जवळ आले की सगळे गडप. मग मूल उकिडवे बसते, चुळबुळ थांबवते, आणि बऱ्याच वेळाने कुठे एखादा खेकडा डोळे वर काढतो. निसर्ग आणि बालकल्पना यांवर बेतलेली ‘इंटरॅक्टिव्ह’ मांडणशिल्पे सध्या जगभर गाजताहेत. त्यांची पारख करायला हे नखाएवढे माप पुरेसे आहे: समोरच्या वस्तूला स्वतःची काही मर्जी आहे का?

टीमलॅब या जपानी गटाने २०१८ साली तोक्योत उघडलेल्या दालनात प्रोजेक्टरच्या उजेडाने काढलेली फुले होती. माणूस स्तब्ध उभा राहिला की ती त्याच्याभोवती दाटत, हात लावला की पाकळ्या गळत. देखणे काम, यात वाद नाही. पण त्या फुलांना नाही म्हणणे ठाऊक नाही. नियम कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो, मुलाने तो फक्त हुडकायचा. हुडकला की दुसऱ्या भिंतीकडे धाव. याच गटाच्या दुसऱ्या एका कामात मुलांनी कागदावर रंगवलेले मासे स्कॅन होऊन भिंतीवर पोहू लागतात. ते मला जास्त मोलाचे वाटते, कारण तिथे कुणी हिरव्या शेपटीवर लाल ठिपके काढले तर मासा तीच शेपटी हलवत फिरतो.

आपल्याकडे या प्रकारची सर्वांत जुनी परिचित मांडणी म्हणजे दिवाळीतला किल्ला, आणि त्याला मांडणशिल्प म्हणायला हरकत नसावी. विटा-दगडांचा ढीग, त्यावर भिजवलेले गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप. चिखल पातळ झाला तर उतारावरून घसरतो, घट्ट झाला तर वाळताना तडकतो. घसरलेल्या जागी कडा होतो, तडकलेल्या जागी भुयार. मोहरी पेरली तर गडगडत पायथ्याशी जमते. अळीव मात्र भिजला की बुळबुळीत होऊन उभ्या कड्यालाही चिकटून राहतो, आणि चार दिवसांत उगवलेले रान उजेडाच्या दिशेला मान वाकवते. बाजारातून आणलेले महाराज महादरवाजापेक्षा उंच निघतात, म्हणून ते कायम आत बसलेलेच. यातले काहीही आधी ठरलेले नसते. कल्पना सुचते ती साहित्य अडते तिथे. शिरगावात तर खरा किल्लाही आहे, पोर्तुगीज अमदानीतला, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांकडे आलेला. त्यात फांद्या फुटलेला रावणताड उभा आहे. एखाद्या मुलाने चित्रात ताडाला फांद्या काढल्या तर वर्गात ती चूक ठरेल. झाडाने ती केव्हाच करून ठेवली आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्मरणरंजनाचा: चिखल तेवढा खरा आणि यंत्र खोटे, हे जुन्या पिढीचे रडगाणे. पण भांडण यंत्राशी नाहीच. ब्रिटिश कलावंत सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये सुट्या भागांचा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्यांची तक्रार तंत्राविषयी नव्हती. घडवण्याची सगळी गंमत वास्तुविशारद आणि कलाकार स्वतःच उपभोगतात, मुलांच्या हाती तयार वस्तू येते, अशी होती. दुसरा आक्षेप, जी चार दिवसांत मोडते ती कला कसली? त्याचे उत्तर पालघर जिल्ह्यातच आहे. वारली घरातला लग्नचौक शेणामातीने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिला जाई आणि पुढच्या सारवणाखाली जाई; त्याच परंपरेतून आलेले गंजाडचे जिव्या सोमा मशे १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात जगभरच्या नामवंतांच्या पंगतीला बसले. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. दहाव्या मजल्यावरच्या मुलाला अंगण नाही, आणि व्हीलचेअरची चाके भुसभुशीत वाळूत रुततात. सपाट, गार, उजेडाची दालने त्यांना आत घेतात, हे श्रेय द्यायलाच हवे. पण ती दारे उघडून आत काय ठेवायचे, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

शिरगावच्या पुळणीवर भरती वळली की मुले वाळूच्या बुरुजापुढे घाईघाईने चर खणू लागतात. थोडे पाणी असते तेव्हा वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवतात. कणांमधली हवा जाऊन सगळीकडे पाणीच भरले की पकड सुटते आणि बुरूज पायापासून बसतो. चर एका लाटेपुरता टिकतो, क्वचित दोन. असे काही दालनात मांडायचे ठरवले तर आयोजकांना आधी गालिचा उचलावा लागेल, दाराशी पाय धुवायला नळ लागेल, आणि रोज सकाळी कुणाला तरी वाळू चाळावी लागेल.