रक्ताचा कागद आणि वाढत्या मुलांची हाडे

आमच्या रात्रीच्या वर्गाला येणारा एक शेतकरी भाऊ मागच्या पावसाळ्यात तीन दिवस आलाच नाही. चौथ्या दिवशी आला तो तोंड उतरवून. पाटीला हात लावला नाही. खिशातून घडी केलेला कागद काढून आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, पोराचं लिव्हर बिघडलं म्हणतात. शहरात न्यावं लागंल. दोन शेळ्या विकायला काढल्यात."

पोरगा १३ वर्षांचा. आम्ही त्याला ओळखतो. दिवसभर उंडारतो, चिंचेवर चढतो. वर्षभरात चांगला चार बोटे उंच झाला. रात्री दोन्ही पोटऱ्या दुखतात म्हणून बापाने तालुक्याला नेऊन त्याचे रक्त तपासून आणले. कागदावर एक आकडा ठळक छापलेला होता, ३८०. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात, ४० ते १३०. म्हणजे असायला हवे त्याच्या जवळजवळ तिप्पट! कोणीतरी शहाण्याने तो आकडा पाहून सांगितले की ही काविळीची, यकृताची खूण आहे.

त्याच आठवड्यात आणखी एक कागद आमच्याकडे आला. एका ताईंची मुलगी १५ वर्षांची. सहा महिने तिच्या मांड्या आणि कंबर दुखत होती. जमिनीवरून उठताना हात टेकावे लागत. विहिरीची चढण चढायला ती नको म्हणायची. घरचे म्हणत, कामाचा कंटाळा. तिच्या कागदावर एकच तपासणी होती, कॅल्शियमची. आकडा ८.८. छापलेल्या मर्यादेच्या आत. "सगळं ठीक आहे म्हणाले," ताई म्हणाल्या, "मग ही उठत का नाही?"

आम्ही काही डॉक्टर नव्हे. दोन्ही कागद घेऊन, दोन्ही मुलांसह आम्ही ग्रामीण रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी मुलांना तपासले आणि मग आम्हाला समोर बसवून समजावले. घाबरवणारा कागद ज्याचा, तो पोरगा ठणठणीत निघाला. धीर देणारा कागद जिचा, ती पोरगी आजारी निघाली. हे कसे, ते आता सांगतो.

हाड म्हणजे दगड नव्हे, ही पहिली गोष्ट. मेलेल्या जनावराचे हाड शिवारात पडलेले आपण पाहतो, म्हणून ते आपल्याला दगडासारखे वाटते. जिवंत हाड हे राहत्या घरासारखे असते. त्याची सारखी डागडुजी चालते. काही पेशी जुने हाड पोखरून काढतात. काही पेशी तिथे नवे हाड घालतात. म्हाताऱ्या माणसातही हे काम थांबत नाही. पण वाढत्या वयात मात्र डागडुजी नसते, नवे बांधकाम असते. मुलगी साधारण ११-१२ वर्षांची झाली आणि मुलगा १३-१४ चा झाला की उंची झपाट्याने वाढते. या वाढीच्या ऐन दोन वर्षांत माणसाच्या जन्माच्या हाडातला जवळजवळ चौथा हिस्सा भरला जातो. ऐन हंगामात पेरणी चुकली तर पुढे कितीही पाणी दिले तरी पीक भरत नाही, तसेच इथे आहे.

आता रक्ताकडे वळू. हाडाच्या आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. पण गल्लीत कोणाच्या घराचे बांधकाम निघाले की आत न जाताही आपल्याला कळते. वाळू रस्त्यावर सांडलेली असते. विटांचे तुकडे पडलेले असतात. हाडाचेही तसेच. हाड बांधणाऱ्या पेशी एक पदार्थ तयार करतात, त्याचे नाव अल्कलाइन फॉस्फटेज. तो थोडा रक्तात सांडतो. रक्तात तो जास्त सापडला की समजायचे, आत बांधकाम जोरात आहे. लंडनचे रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ साली हा पदार्थ वाढत्या हाडात असल्याचे दाखवले. हाडाच्या काही आजारांत तो रक्तात वाढतो हे १९३० च्या सुमारास कळले. तेव्हापासून ही तपासणी चालत आली आहे. ती फार महागही नाही.

हाच पदार्थ यकृतातूनही येतो. घोटाळा झाला तो इथेच. मोठ्या माणसाची वाढ थांबलेली असते. त्याच्या रक्तात हा आकडा चढला तर डॉक्टर आधी यकृत आणि पित्ताचा मार्ग पाहतात, ते बरोबरच आहे. पण १३ वर्षांच्या मुलाच्या कागदावर मोठ्या माणसाची मर्यादा छापली तर काय होणार? वासराच्या गळ्यात बैलाचे जू घातल्यासारखे होणार! या वयाच्या मुलाचा आकडा साडेचारशेच्या आसपास गेला तरी तो चालतो. यकृताच्या बाकीच्या तपासण्या त्याच कागदावर होत्या आणि त्या सगळ्या बरोबर होत्या. डॉक्टरबाईंनी मुलाचे पोट चाचपले, डोळे पाहिले, पाय पाहिले. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घरी बांधकाम चालू आहे. शेळ्या राहू द्या."

रात्री दोन्ही पोटऱ्या दुखणे आणि सकाळी उठून पळत सुटणे, हे या वयात पुष्कळ मुलांत दिसते. पण एकाच जागी दुखत असेल, सूज असेल, ताप येत असेल, मूल लंगडत असेल, तर मात्र घरी बसू नये. ते डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

आता त्या मुलीचे. तिच्या कागदावर कॅल्शियम बरोबर होते. कॅल्शियम म्हणजे आपण ज्याला शरीरातला चुना म्हणतो तो. तो बरोबर असताना हाडे कच्ची कशी?

याचे उत्तर कणगीत आहे. समजा, घरात रोज भाकरी होते. पाहुण्याला वाटते, घर भरलेले आहे. पण बाजारातून धान्य येत नाही, रोज कणगीतले काढून दळले जाते. भाकरी होतेच आहे, कणगी मात्र रिकामी होत चालली आहे. रक्तातला चुना म्हणजे रोजची भाकरी. हाडे ही कणगी. रक्तात चुना कमी पडला तर हृदयाचे ठोके बिघडतील, हातापायाला वांब येतील, झटके येतील. म्हणून शरीर रक्तातला आकडा सहसा घसरू देत नाही. गळ्यात चार बारीक गाठी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तात चुना जरा उतरला की त्या एक रस सोडतात. त्याला पॅराथायरॉइड संप्रेरक म्हणतात. तो रस हाडांकडून चुना काढून रक्तात आणतो. कारभारीण गुपचूप कणगीत हात घालते तसे. बाहेरच्याला पत्ता लागत नाही.

म्हणून नुसते कॅल्शियम तपासून "सगळं ठीक" म्हणणे पुरेसे नाही. डॉक्टरबाईंनी आणखी चार तपासण्या लिहून दिल्या. अल्कलाइन फॉस्फटेज ६२० आले. १५ वर्षांच्या मुलीची उंची बहुतेक वाढून झालेली असते, आकडा उतरणीला लागलेला असतो. ६२० हा तिच्या वयाला फारच जास्त. आत काम जोरात चालले होते, पण माल नव्हता, म्हणून भिंत पक्की होत नव्हती. फॉस्फरस कमी आले. ते वाढत्या मुलात मोठ्या माणसापेक्षा थोडे जास्तच असायला हवे. पॅराथायरॉइडचा रस वाढलेला होता. आणि ड जीवनसत्त्व आले ७. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या मतानुसार हा आकडा २० च्या वर असावा. १२ ते २० म्हणजे अपुरे. १२ च्या खाली म्हणजे उणीव. एक्स-रे काढल्यावर निदान पक्के झाले. लहान मुलात ज्याला मुडदूस म्हणतात, तोच हा आजार मोठेपणी आलेला.

पाहा, ३८० हा आकडा १३ वर्षांच्या मुलाला शोभून दिसतो. तोच आकडा १५ वर्षांच्या, पाळी येऊन दोन-तीन वर्षे झालेल्या मुलीच्या कागदावर आला तर विचार करावा लागतो. नुसता आकडा मुका असतो. वय, मुलगा की मुलगी, उंची किती वाढली, पाळी केव्हा आली, हे सगळे डॉक्टरांना सांगितले म्हणजे तो बोलू लागतो. तेव्हा रक्त द्यायला जाल तेव्हा मुलाचे वय बरोबर लिहिले आहे का, ते आता तुम्हाला वाचता येते, तर वाचा. आणि ठळक आकड्यापुढे एक इंग्रजी अक्षर असते, एका पायरीच्या शिडीसारखे. त्याला एच म्हणतात. त्याचा अर्थ "छापलेल्या मर्यादेपेक्षा वर", एवढाच. रोग असा त्याचा अर्थ नाही.

मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळांत याहून बारीक तपासण्या होतात. नवे हाड किती घातले गेले, जुने किती पोखरले गेले, याचे वेगवेगळे आकडे मिळतात. पण ते सकाळ-संध्याकाळ बदलतात, जेवणाने बदलतात, वयाप्रमाणे तर फारच बदलतात. संशोधकांना त्यांचा उपयोग आहे. आपल्या पोरांना सहसा त्यांची गरज पडत नाही. खरे म्हणजे खेळत्या, वाढत्या, न दुखणाऱ्या पोराचे ड जीवनसत्त्व उगाच तपासायचीही गरज नाही. ती तपासणी महाग असते. त्या पैशाचे दूध येईल, असे आमचे मत आहे.

वर्गात हे सांगितल्यावर एक आजोबा म्हणाले, "आपल्याकडं उन्हाला काय तोटा? उनाचं जीवनसत्त्व कमी पडंलच कसं?" प्रश्न अगदी रास्त. पण ती मुलगी सकाळी अंगभर कपड्यात शाळेत जाई, दिवसभर वर्गात बसे, संध्याकाळी घरात स्वयंपाक करी. ऊन होते गावात, तिच्या कातडीवर नव्हते. कोवळ्या उन्हात हे जीवनसत्त्व फार थोडे तयार होते. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हाचे ऊन कामाचे. म्हणजे सकाळी साधारण ११ ते दुपारी ३. त्या वेळी हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ अंगणात असावे. सावळ्या कातडीला गोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. काचेआडून आलेले ऊन चालत नाही. उन्हाळ्यात भोवळ येईपर्यंत उभे राहा, असे मात्र कोणी सांगितलेले नाही.

आणि नुसते ऊन पुरत नाही. माल पोटातून यावा लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेले माप असे आहे: १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम. १० ते १२ वयाला ८५०, १६ ते १८ ला १०५०. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांत ते फार थोडे. नाचणीत भरपूर, १०० ग्रॅम पिठात ३५० च्या आसपास. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, दुधात २४० च्या सुमारास. लोणी काढले तरी चुना ताकातच राहतो, म्हणून ताकाला कमी समजू नये. तिळात पुष्कळ असतो, पण सगळा अंगी लागत नाही. शेवग्याचा पाला चांगला. पालकातला चुना मात्र शरीराला फारसा मिळत नाही. कोकणात बारीक मासळी काट्यासकट खातात, तीही उत्तम. मुलीच्या घरी दूध निघत होते, पण ते सगळे डेअरीला जाई. उरलेल्यातून चहा होई. ताईंनी हे सांगितले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. त्यांचा काय दोष? त्या दुधावरच मुलीच्या शाळेचा खर्च चालत होता.

एक सावधगिरी. पानाचा चुना बोटाने चाटा म्हणजे हाडे मजबूत होतात, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो तोंड आणि घसा भाजतो, त्याला माप नसते. तसेच ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आणि सुया आपल्या मनाने वारंवार घेऊ नयेत. ते जास्त झाले की रक्तात चुना चढतो, ओकाऱ्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांप्रमाणे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसत असतील, तर हाडांचे दुखणे त्या पाण्यानेही असू शकते. ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. २०१३ पासून शाळेत आणि अंगणवाडीत मुले तपासायला सरकारी पथक येते. पाय वाकलेले, गुडघे चिकटलेले, उठबस जड जाणारे मूल त्या पथकाला दाखवावे.

मुलीला डॉक्टरबाईंनी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही एकत्र दिले, माप ठरवून. दूध थोडे घरात राहू लागले, आठवड्यातून चार दिवस नाचणीची भाकरी होऊ लागली. महिन्याभरात दुखणे कमी झाले. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. तो कागद ताईंनी आमच्या हाती दिला नाही. कंदिलाजवळ धरून त्यांनी स्वतः बोट फिरवत वाचला. आधी वय वाचले, १५. मग आकडा, ३१०.

"निम्मा झाला," त्या म्हणाल्या, "अजून उतरायचाय." आणि पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी कागदाच्या मागे आपल्या हाताने लिहून घेतली.