फडक्यातून निसटणारी घाण

गटाचा माल घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात जाणाऱ्या ताईंना हे अनुभवाने ठाऊक असतं. पिकलेल्या केळीच्या किंवा पपईच्या क्रेटशेजारी कोथिंबीर रात्रभर राहिली की सकाळी पिवळी दिसते. कारली, काकडी यांचंही तेच. माल ताजा होता, पाणी मारलेलं होतं, तरी भाव पडतो.

याला कारण हवेत असतं. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. तो दिसत नाही आणि एवढ्याशा प्रमाणात त्याचा वासही कळत नाही. हाच वायू रायपनिंग चेंबरमध्ये केळी-आंबे पिकवायला मुद्दाम सोडतात. हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत त्याला परवानगी आहे. बंदी आहे ती कार्बाइडला, कारण त्याच्या वायूबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे विषारी अंश येऊ शकतात. म्हणजे इथिलीन चेंबरमध्ये कामाचं, पण कोथिंबिरीच्या जुडीजवळ नुकसानीचं.

इथिलीन हा सेंद्रिय वायू आहे. इथे ‘सेंद्रिय’ म्हणजे शेणखताची शेती नव्हे बरं का! रसायनशास्त्रात कार्बनपासून बनलेल्या बहुतेक पदार्थांना सेंद्रिय म्हणतात. पेट्रोल-डिझेलची वाफ, रंगातलं थिनर आणि बहुतेक कीटकनाशकं याच गोतावळ्यातली. ही घाण गाळायची पद्धत वेगळी असते, आणि तिथेच आपली फसगत होते.

चहा गाळताना बघा. पत्ती गाळणीत राहते, साखर मात्र खाली उतरते. फडकं, तुरटी, गाळाचं फिल्टर हे सगळे पत्ती धरणारे. पाण्यात विरघळलेलं औषध साखरेसारखं निसटतं. उकळून जंतू मरतात, पण उडून न जाणारं कीटकनाशक भांड्यातच राहतं. उलट पाणी आटलं की ते आणखी दाट होतं. यूव्हीचा दिवासुद्धा जंतूंसाठी आहे, औषधासाठी नाही.

ही घाण पकडायला लागतो ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे खास तयार केलेला कोळसा. तो बहुतेक वेळा नारळाच्या करवंटीचा असतो. करवंटी जाळून कोळसा करतात आणि प्रचंड तापवून त्यावर वाफ सोडतात. त्याने आत बारीक बारीक भोकं पडतात, इतकी की एक ग्रॅम कोळशाच्या आतला पृष्ठभाग साधारण हजार चौरस मीटर भरतो. आपल्या भाषेत दहा गुंठे! चिमूटभर कोळशात दहा गुंठे जागा, आणि त्या जागेवर सेंद्रिय पदार्थ येऊन चिकटतात. चुलीतला कोळसा कुटून माठात टाकला तर चालेल का? नाही. त्यात एवढी भोकं नसतात, वर राख पाण्यात उतरते.

इथिलीनला मात्र हा कोळसाही नीट धरत नाही, त्याचा कण फारच लहान. म्हणून फळांच्या खोक्यात किंवा शीतगृहात पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्या ठेवतात. त्या इथिलीन मोडून टाकतात. आत जांभळी भुकटी असते, ती तपकिरी झाली की पुडी संपली. ती फोडायची नाही, मुलांच्या हाती लागू द्यायची नाही. टेम्पो भरताना पालेभाजी आणि पिकलेली फळं वेगळी लावणं हा त्याहून स्वस्त उपाय आहे.

पाण्यातलं औषध ही नुसती शंका नाही. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्ली-मुंबईत विकलं जाणारं बाटलीबंद पाणी तपासलं, तर त्यात कीटकनाशकांचे अंश निघाले. त्यानंतर नियम कडक झाले. आता बाटलीबंद पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.०००१ मिलिग्रॅम आहे. विकतच्या पाण्याची ही गत, तर फवारलेल्या शेताकडेच्या विहिरीचं काय?

हवेचा धडा यवतमाळने दिला. २०१७ मध्ये तिथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तोंडाला बांधलेला स्कार्फ मोठी धूळ अडवतो. एन-९५ मास्क बारीक कण आणि तुषार अडवतो. औषधाची वाफ दोन्हीतून आत जाते. तिला कोळशाचा डबा लावलेला मास्कच हवा. विकत घेताना ‘ऑरगॅनिक व्हेपर’चा आणि कण अडवणारा, असे दोन्ही फिल्टर मागून घ्या. काम झाल्यावर तो घट्ट पिशवीत बंद ठेवा, कारण उघडा राहिला तर हवेतलंच शोषून भरतो. आणि नुसता मास्क पुरत नाही, औषध कातडीतूनही अंगात जातं. घरात पंप पुरुषाच्या पाठीवर असतो, पण औषध कालवायला पाणी देणं आणि ते कपडे धुणं बाईच्या वाट्याला येतं. म्हणून हातमोजे दोघांनाही हवेत.

कोळशाची दहा गुंठे जागाही एक दिवस भरते. मग पाणी तसंच पुढे जातं आणि वरून काही कळत नाही. गावात पाण्याचं आरओ केंद्र गटाकडे चालवायला असेल, तर कार्बनचं कार्ट्रिज बदलल्याची तारीख टाकीवरच लिहा. केंद्र दुसऱ्याचं असेल तर बेधडक विचारा, ‘दादा, कार्बन कधी बदलला?’ कोळसा पाण्यातलं क्लोरीनही काढून घेतो, त्यामुळे जुन्या कार्ट्रिजमध्ये जंतू वाढतात. म्हणून यूव्ही त्याच्या पुढे असतो, आधी नाही.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायचं किट शिकवलं, आपल्यातल्याही काहींनी ते वापरलं असेल. त्या किटमध्ये नायट्रेट, फ्लोराइड, क्लोरीन कळतं, कीटकनाशक कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत वेगळी तपासणी मागावी लागते. नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत नेऊ नका, औषध प्लॅस्टिकला चिकटतं. काचेची बाटली प्रयोगशाळेतूनच मागून घ्या, आणि नमुना फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर भरा.