रस्त्यावर कॅमेरा काढलात आणि कोणी अडवलं, तर?



आमच्या मागच्या बॅचमधल्या एका मुलाचा एकदा रात्री साडेदहाला फोन आला. बदलापूरचा मुलगा. दुकानांसाठी रील आणि प्रॉडक्ट फोटो काढून द्यायचा धंदा त्याने नुकताच सुरू केला होता. त्या दिवशी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका जीन्सवाल्याचं काम होतं. दुकानाच्या आतलं शूट झालं, मग गल्लीचे दोन-चार शॉट घ्यावेत म्हणून तो बाहेर आला. शेजारच्या गाळ्यांतून तिघे-चौघे जमले. "किसका आदमी है? किसने भेजा?" याची बोबडी वळली. शेवटी त्यांनी कॅमेरा हातात घेऊन कार्डच फॉरमॅट करायला लावलं. आणि त्याच कार्डावर सकाळच्या बारशाचे सगळे फोटो होते.

त्याचा प्रश्न होता, "सर, मला फोटो काढायचा हक्क होता की नाही?"

हक्क होता. पण तो माहीत असता तरी त्या गल्लीत त्याचं कार्ड वाचलं असतं का, याची मला शंका आहे. म्हणून आज कायदा तर सांगतोच, पण जास्त बोलणार आहे ते लोकांच्या संशयाबद्दल. कॅमेऱ्यावर पोट भरायचं ठरवलं असेल तर दोन्ही समजून घ्या.

कायदा काय म्हणतो

सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. घटनेच्या कलम 19 मध्ये अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे आणि धंदा करण्याचंही स्वातंत्र्य आहे, दोन्हींवर वाजवी बंधनं घालता येतात. रस्ता, बाजाराची गल्ली, चौक इथे तुम्ही कॅमेरा काढू शकता. दुकानाच्या आत, सोसायटीच्या आवारात किंवा मॉलमध्ये मात्र मालकाचा शब्द चालतो. तो नको म्हणाला की विषय संपला.

तुमचा कॅमेरा हिसकावून घ्यायचा किंवा फोटो डिलीट करायला लावायचा अधिकार कुठल्याही दुकानदाराला, वॉचमनला किंवा जमावाला नाही. पोलिसांची गोष्ट वेगळी. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली ते वस्तू जप्त करू शकतात. पण जप्ती म्हणजे कागद आला. पंचनामा मागा, त्यात कार्डाचा उल्लेख आहे का बघा. "डिलीट कर आणि जा" असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा की साहेब, यात काही गैर वाटत असेल तर हे फोटो म्हणजे पुरावा आहे, तो मी कसा पुसू? आवाज न चढवता सांगितलं तर हे वाक्य बरंच काम करतं.

आपल्याच राज्यातलं एक प्रकरण माहीत असलेलं बरं. 2018 मध्ये वर्ध्याच्या एका पोलिस ठाण्यात मोबाइलवर व्हिडिओ काढला म्हणून एका माणसावर थेट शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा लावला होता. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. पोलिस ठाणं हे त्या कायद्यातल्या 'निषिद्ध ठिकाणा'च्या व्याख्येत बसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. आता हे वाचून उद्या ठाण्यात जाऊन रील काढू नका! चार वर्षं कोर्टात घालवून जिंकणं हे नव्या धंद्याला परवडत नाही.

जिथे कायदा खरंच तुमच्या विरोधात आहे

'निषिद्ध ठिकाण' म्हणजे काय ते अंबरनाथकरांना वेगळं सांगायला नको. आयुध निर्माणी आणि तिच्या शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, दोन्ही संरक्षण खात्याच्या. 1923 चा तो कायदा अशाच जागांसाठी आहे. तिथल्या भिंती, गेट, आतलं काही फ्रेममध्ये घेऊ नका, 'मागे छान झाडी आहे' म्हणूनसुद्धा नाही. तिथल्या सुरक्षारक्षकाचा संशय हा नुसता खडूसपणा नसतो. डेव्हिड हेडली 26/11 च्या आधी पर्यटकासारखा मुंबईत फिरून त्या ठिकाणांचं चित्रीकरणच करत होता.

ड्रोनवाल्यांनी तर दुप्पट सांभाळा. लग्नाच्या वरातीवर ड्रोन पन्नास मीटर वर गेला की त्याला काय काय दिसतं ते तुमच्या हातात राहत नाही. ड्रोन नियम 2021 प्रमाणे डिजिटल स्काय पोर्टलवर हिरवा, पिवळा, लाल असा नकाशा आहे, तो उडवण्याआधी बघायचा. 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवत असाल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. "मी तर हौशी" हे उत्तर क्लायंटला बिल दिल्यावर चालत नाही.

रेल्वेचं थोडक्यात सांगतो. रुळांवर बसून प्री-वेडिंगचा फोटो, ही मागणी अजून येते. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि जिवाचं काय ते वेगळंच. सरळ नाही म्हणा. स्टेशनवर व्यावसायिक शूट करायचं तर मध्य रेल्वेची आगाऊ परवानगी घ्या.

अंबरनाथचं शिवमंदिर तुम्हा सगळ्यांचं लाडकं. 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं, वालधुनीच्या काठचं हे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. 2018 पासून काही मोजके अपवाद सोडले तर देशभरातल्या संरक्षित वास्तूंमध्ये साधे फोटो काढायला मोकळीक आहे. पण ट्रायपॉड, लाइट, व्यावसायिक चित्रीकरण आलं की पुरातत्त्व खात्याची परवानगी आली. शिवाय तिथे रोज पूजा होते. श्रावणी सोमवारी जोडप्याला पोज द्यायला लावून दर्शनाची रांग अडवलीत, तर तुम्हाला अडवणारे लोक चुकीचे नसतील.

माणसाला भीती कशाची आहे?

आता मुद्द्याचं. कॅमेरा बघून माणूस चिडतो तेव्हा तो बहुतेक वेळा घाबरलेला असतो. आणि आपल्या तीन शहरांत ती भीती एकसारखी नाही.

उल्हासनगरचा व्यापारी घ्या. तिथल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहितात हा विनोद तुम्ही ऐकलाच असेल. विनोद जुना आहे, पण नकली ब्रँडवरचे छापे खरे असतात. छाप्याआधी कंपनीचा माणूस गिऱ्हाईक बनून येतो आणि फोटो काढून जातो. दुसरं म्हणजे बांधकामं. अनधिकृत बांधकामांचा प्रश्न इथे इतका मोठा की ती नियमित करायला राज्याने 2006 मध्ये फक्त उल्हासनगरसाठी वेगळा कायदा केला. मग इमारतीकडे कॅमेरा रोखणारा माणूस लोकांना कोण वाटेल? तक्रारदार, नाहीतर खंडणीवाला. जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर वालधुनीच्या प्रदूषणावरून कारवाया झाल्या आहेत, तेव्हा तिथे कॅमेरेवाला म्हणजे नोटीस येणार. आणि ज्याचं सगळं कायदेशीर आहे, त्यालाही आपलं नवं डिझाइन समोरचा उचलेल ही धास्ती असतेच. आमचा मुलगा नेमका या सगळ्याच्या मधे जाऊन उभा राहिला होता, हातात मोठी लेन्स घेऊन, कोणाशी एक शब्द न बोलता.

बदलापूरची भीती लहान मुलांची आहे. शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर 20 ऑगस्ट 2024 ला हजारो लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले, लोकल तासन् तास बंद राहिल्या. त्या शहरातल्या आईने शाळेच्या गेटसमोर कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला हटकलं, तर तिला 'हा सार्वजनिक रस्ता आहे' असं ऐकवू नका. कॅमेरा खाली करा, कार्ड द्या, काय काढलं ते दाखवा. तिच्या मुलाचा फोटो आला असेल तर तिच्यासमोर काढून टाका. हो, इथे स्वतःहून डिलीट करायचं. तुमचा हक्क कमी होत नाही, तुमचं नाव मोठं होतं.

संशय वाढला की तो कुठवर जातो, हेही आपल्या राज्याने पाहिलंय. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. त्या काळात व्हॉट्सअॅपवर मूल पळवण्याचा एक व्हिडिओ फिरत होता. तो मुळात कराचीतला, मुलांच्या सुरक्षेची जाणीव करून देणारा. शेवटचा खुलासा कापून पुढे ढकललेला. जमावाला खुलासा ऐकायचा नसतो. म्हणून पाच-सहा माणसं जमली आणि आवाज चढले की तिथे कलम सांगत बसू नका. ओळखीच्या दुकानात शिरा, क्लायंटला फोन लावा, 112 लावा. शॉट उद्याही मिळेल.

यावर माझा उपाय साधा आहे. शूटच्या आदल्या दिवशी जागेवर एकदा मोकळ्या हाताने जाऊन या. क्लायंटला सांगा, शेजारच्या चार गाळ्यांना तुम्हीच कल्पना द्या. शूटला स्थानिक माणूस बरोबर ठेवा. गळ्यात ओळखपत्र, खिशात कार्डं आणि क्लायंटच्या लेटरहेडवर 'अमुक तारखेला आमच्यासाठी फोटो काढत आहेत' अशी चार ओळींची चिठ्ठी. शूट मोठं असेल तर जवळच्या पोलिस ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्या. झाडाआडून, गाडीतून, लांब लेन्सने चोरून काढलेला शॉट कितीही सुंदर आला तरी तुम्हाला चोर ठरवतो. बायकांच्या बाबतीत तर हे कायम लक्षात असू द्या. चोरून खासगी क्षण टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, आणि बाजारात झूम करून एखाद्या बाईच्या मागे कॅमेरा फिरवलात तर लोक कलमाची वाटही बघणार नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी लग्नाचे फोटोग्राफर हमखास विसरतात. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17. कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक तो पैसे देणारा. तुम्ही नाही! नवरीचा फोटो तुमच्या पेजवर जाहिरात म्हणून टाकायचा तर बुकिंगच्या पावतीवरच एक ओळ छापून सही घ्या: 'निवडक छायाचित्रे फोटोग्राफरने स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून वापरण्यास माझी संमती आहे.' कोणी ती ओळ खोडली, तर तो फोटो टाकायचा नाही.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा. तो कोटेशनमध्ये धरा. 'आउटडोअर शूट: परवानगी व पूर्वतयारी' अशी वेगळी ओळ टाका. क्लायंट विचारेल हे कशाचे. तेव्हा त्याला वरची जीन्सवाल्याची गोष्ट सांगा.

त्या मुलाला मी फोनवर एवढंच विचारलं होतं, "फॉरमॅटनंतर त्या कार्डावर काही काढलंस का?" नाही म्हणाला. मग वाचलास म्हटलं. फॉरमॅट केलं तरी नवीन काही लिहिलं जाईपर्यंत फोटो बऱ्याचदा कार्डावर असतात. दुसऱ्या दिवशी रिकव्हरी सॉफ्टवेअरने बहुतेक फोटो परत मिळाले. एकाच कार्डावर दोन क्लायंट ठेवायचे नाहीत हे तो तेव्हाच शिकला. पुढच्या आठवड्यात जीन्सवाला स्वतः त्याला घेऊन गल्लीत फिरला, आणि हटकणाऱ्यांपैकी एकाने आपल्या दुकानाचेही फोटो काढून घेतले.

बारशाच्या फोटोंपैकी एक मात्र काही केल्या उघडला नाही. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तोच.