तरंगणाऱ्या फळीचे सामान

पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला आपल्याकडे पूर्वी सुका भोपळा बांधत. कुठे पांगाऱ्याचा ठोकळा बांधत. आता विहिरीवर पाहाल तर पाठीला प्लॅस्टिकचा रिकामा कॅन असतो. वस्तू बदलली, काम तेच राहिले.

एका उन्हाळ्यात गावातला एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला. समुद्राच्या लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभी राहणारी माणसे त्याने मोबाईलवर पाहिली होती.

"गुरुजी, आपल्या तळ्यासाठी तसली एक फळी करायची म्हणतोय. लाकूड किती लागंल?"

मी म्हटले, "तुझं वजन किती?"

तो हसला. "लाकडाचं विचारतोय गुरुजी, माझं कशाला?"

पण हिशेब तिथूनच सुरू होतो, मंडळी. आधी माणूस, मग लाकूड.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. एवढे ध्यानात धरा, बाकी सगळे त्यातून निघते. एखादी वस्तू पाण्यात जेवढी जागा अडवते, तेवढे पाणी बाजूला सरते. जेवढे पाणी सरले, तेवढ्या वजनाला पाणी वर उचलून धरते. ही गोष्ट आर्किमिडीज नावाच्या ग्रीक पंडिताने दोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवली. आपल्या गुऱ्हाळातली काहील लोखंडाची, तरी पुराच्या दिवसांत माणसे तिच्यात बसून पाणी ओलांडतात, ती याच नियमाने. लोखंड जड खरे, पण काहील पोकळ आहे. ती आपल्या वजनापेक्षा पुष्कळ जास्त पाणी बाजूला सारू शकते.

मग एवढासा भोपळा माणसाला कसा पुरतो? तर पाण्यात असलेले अंग जवळजवळ आपले आपणच तरंगते. छातीत हवा भरलेली असते ना! जड होते ते पाण्याबाहेर काढलेले डोके. डोक्याचे वजन साधारण चार-पाच किलो. तेवढा भार पाच-सहा लिटरचा भोपळा सहज पेलतो. पण फळीवर आडवे पडायचे, तर सगळे अंग पाण्याबाहेर आले. म्हणजे सगळे वजन फळीवर आले. भोपळ्याच्या मापाने फळी केली तर ती माणसासकट खाली जाणार.

त्या तरुणाचे वजन भरले ६० किलो.

आता लाकूड कोणते? सागवानाचे नाव सगळ्यांच्या तोंडी असते. दारे-खिडक्यांना सागवान उत्तम, पण या कामाला नाही. बाभूळ तर नाहीच नाही. इथे हलके लाकूड पाहिजे, आणि आपल्या भागात ते पांगाऱ्याचे. तीन-तीन पानांचा, काटेरी खोडाचा, उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलांनी भरणारा पांगारा. पानमळ्यात वेल चढवायला लावतात तोच. गंमत अशी की हवाई बेटांवर, जिथे ही लाटेवरची फळी जन्मली, तिथले लोक फळीसाठी विलीविली नावाचे झाड वापरत. ते आपल्या पांगाऱ्याचेच भाऊबंद आहे. एवढ्या लांबच्या दोन मुलखांतल्या अडाणी म्हटलेल्या माणसांनी एकाच जातीचे लाकूड तरंगायला निवडले!

लाकूड किती हलके, हे दुकानदाराला विचारू नका. स्वतः पाहा. लाकडाची एकसारख्या जाडीची, दहा बोटे रुंद पट्टी घ्या. ती बादलीत उभी धरा, बाजूने बोटांचा हलका आधार द्या, पण दाबू नका. दहातली तीन बोटे पाण्यात बुडाली, तर ते लाकूड पाण्याच्या तीन दशांश वजनाचे. सहा-सात बोटे बुडाली, तर ते लाकूड परत द्या. आमच्या पांगाऱ्याची तीन बोटे बुडाली.

मात्र लाकूड वाळलेले हवे. मी पोरवयात चार सवंगड्यांना घेऊन ओल्या पांगाऱ्याची फळी केली होती. आज झाड पाडले, परवा फळी पाण्यात. पहिल्या दिवशी ती कशीबशी तरंगली. आठवड्याने मी तिच्यावर पडलो तर ती माझ्या पोटाखालून हळूच खाली गेली. मी नाकातोंडात पाणी जाऊन काठाला लागलो. वडिलांनी ती फळी फोडून चुलीत घातली, आणि ओली म्हणून ती चुलीतही जळेना! तेव्हापासून सांगतो, लाकूड सावलीत चार-सहा महिने वाळवा. उन्हात टाकाल तर तडकेल.

आता माप. तरुणाने मनाशी ठरवलेली फळी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, चार इंच जाड होती. चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा. सहा गुणिले दोन बारा, बाराचा तिसरा हिस्सा चार. झाले चार घनफूट. एक घनफूट पाणी साधारण २८ किलो भरते. पण फळीची टोके निमुळती करायची, कडा गोल करायच्या. त्यात दहावा हिस्सा जातो. उरले ३.६ घनफूट. ही फळी पूर्ण बुडाली तर १०१ किलो पाणी सारेल. त्यातून तिचे स्वतःचे वजन वजा करा. तीन दशांश म्हणजे ३० किलो. उरले ७१. जोडाचे बोल्ट आणि आडव्या पट्ट्या यांचे तीन किलो गेले. उरले ६८. त्यात माणूस ६० किलोचा. शिल्लक फक्त आठ.

"आठ उरले की गुरुजी! मग झालं!"

झाले कसे? आठ किलो म्हणजे काहीच नाही. फळी थोडे पाणी पिणार. एखादा दिवस तुझा धाकटा भाऊ मागून लोंबकळणार. मी त्याला लांबी सात फूट करायला लावली. तोच हिशेब पुन्हा केला, तेव्हा साधारण २० किलो शिल्लक आली. माझ्या मते माणसाच्या वजनाचा तिसरा हिस्सा शिल्लक राहिलीच पाहिजे. वीस म्हणजे साठाचा बरोबर तिसरा हिस्सा.

ही शिल्लक म्हणजे चैन नव्हे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला, माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. बोटीत पेलण्यापेक्षा जास्त माणसे बसली होती. घाबरलेल्या माणसाला कोण हिशेब शिकवणार? तो कोरड्यावर असतानाच करून ठेवायचा असतो.

आता बाजाराची यादी. दोन फूट रुंदीचे अखंड खोड कुठले मिळायला! आठ-आठ इंच रुंदीच्या तीन फळ्या जोडायच्या. पण करवतीत लाकूड जाते, रंध्यात जाते, टोके चिरतात. म्हणून नऊ इंच रुंद, साडेचार इंच जाड, साडेसात फूट लांब अशा तीन घ्या. त्यांचे घनफूट साडेसहाच्या आसपास होतात. फळीत लागणार सव्वाचार, घ्यायचे साडेसहा. नवखा माणूस इथेच फसतो. नेमके मापाचे लाकूड आणतो आणि सुताराच्या दारात डोक्याला हात लावून बसतो.

पांगारा मऊ असतो. त्यात खिळा धरत नाही, हिसक्याने बाहेर येतो. वर दोन आडव्या सागवानी पट्ट्या टाकून आरपार बोल्ट घाला. दर फळीला दर पट्टीवर दोन बोल्ट. तीन फळ्या, दोन पट्ट्या, म्हणून बारा बोल्ट. फळी चार इंच, पट्टी एक इंच, म्हणून बोल्ट सहा इंची. दोन्ही बाजूंना वायसर घाला, नाहीतर बोल्ट मऊ लाकडात रुततो. डोकी आत बसवा, पोटाला लागतात.

वरून ऑइलपेंट. वरची-खालची बाजू मिळून २८ चौरस फूट, कडांचे सहा. झाले ३४. दोन हात म्हणजे ६८. कोरे लाकूड पहिला हात पिऊन टाकते, म्हणून एक लिटरचा डबा घ्या. जोडाच्या फटीत आणि बोल्टाच्या भोकात रंग आधी भरा. पाणी तिथूनच आत जाते.

तयार फळी ३८ किलोची झाली. दोघांनी उचलावी लागते. तरुण जरा हिरमुसला. त्याला सांगितले की हवाईचा ड्यूक कहानामोकू, ज्याने १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवले, त्याची फळी १६ फूट लांब आणि ५० किलोच्या वर होती. आजच्या फळ्या आत हलका फोम आणि वर काचतंतूचे कापड लावून करतात. त्या एका हाताने उचलता येतात. पण ते सामान आणि ते काम आपल्या सुताराच्या हातचे नाही.

कुणाला पांगारा मिळाला नाही तर दुसरा उपाय आहे. वीस लिटरचे, घट्ट बुचाचे सहा कॅन घ्या. प्रत्येक कॅन आपले वजन जाता १९ किलो पेलतो. सहांचे ११४ झाले. बांबूचा सांगाडा बारा किलो धरा. उरले १०२. सोळा फुटी दोन बांबू पुरतात. एकाचे आठ-आठ फुटांचे दोन दांडे, दुसऱ्याचे चार-चार फुटांचे तीन आडवे. दोरी मात्र लोक हमखास कमी आणतात. प्रत्येक कॅनला दोन बांधण्या, एका बांधणीला बारा फूट. सहा कॅनना १४४. सांध्यांच्या सहा गाठींना ३६. मिळून १८० फूट. हा तराफा होतो, फळी नव्हे, पण शांत पाण्यात शिकायला चांगला.

शांत पाणी म्हटले, ते मुद्दाम. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ साली पाणी तिथे ५५ फुटांच्या वर गेले होते. त्या पाण्यात झाडे, छपरे वाहत येतात. तिथे फळीही नको आणि तराफाही नको.

फळी पाण्यात घालाल तेव्हा पहिल्या दिवशी माणूस बसवू नका. कमरेइतक्या पाण्यात न्या. दगड भरलेली, ६० किलो वजन केलेली पोती मध्यावर ठेवा. पाणी कडेवर कुठपर्यंत येते तिथे खिळ्याने ओरखडा काढा. रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी ओरखडा पाण्याखाली गेला असेल, तर फळी पाणी प्यायली. ती बाहेर काढून सावलीत वाळवायची आणि फटी पुन्हा भरायच्या. आमचा ओरखडा थोडा पाण्याखाली गेला होता. एका बोल्टाच्या भोकात रंग भरायचा राहिला होता.